'बाबागाडी' या शब्दातला बाबा नेमका कोण?

अनुस्वार (धागाकर्ता) :

लहान मुलाला निजवून किंवा बसवून ढकलत नेण्याच्या गाडीला आपण बाबागाडी म्हणतो आणि म्हणताना कोणी अडखळत नाही. मराठी शिकणाऱ्या एका परभाषक सहकाऱ्याने मात्र अलीकडे मला विचारले, की तुमच्या भाषेत 'बाबा' म्हणजे वडील, मग बाळाच्या गाडीला 'बाळगाडी' न म्हणता 'बाबागाडी' का म्हणतात? या गाडीत बसतो तो बाबा, की तिला ढकलतो तो?

माझे प्राथमिक मत असे आहे, की यातला बाबा म्हणजे गाडीत बसलेले मूल. तरीही दोन गोष्टी मला नीट उलगडत नाहीत. मुलाला 'बाबा' म्हणण्याची रीत मराठीतली मूळची, की साहेबांच्या बंगल्यांतून बाहेर पडून आपल्याकडे रुळलेली? आणि या शब्दाचा आजचा अर्थ नेमका किती पसरलेला आहे? कोणी चालायला शिकणाऱ्या मुलाच्या लाकडी गाड्यालाही बाबागाडी म्हणताना मी ऐकले आहे, तर कोणी लहानग्यांच्या तीनचाकी सायकलीलाही. आपापल्या घरी हा शब्द कशासाठी वापरला जात असे, हे सदस्यांनी लिहावे. व्युत्पत्तीबद्दल आधारासह लिहिल्यास अधिकच आनंद होईल.

दोनचाकी :

बैलगाडी बैल ओढतो, घोडागाडी घोडा ओढतो, त्या न्यायाने बाबागाडी बाबा ढकलतो. आमच्या घरी तरी व्युत्पत्ती अशीच सिद्ध झालेली आहे, आणि ती सिद्ध करणारी व्यक्ती मागून निवांत चालत येत असते.

पदच्छेद :

दोनचाकी यांचा विनोद मान्य, पण त्यातला न्याय टिकणारा नाही. 'गाडी' हे उत्तरपद असलेल्या शब्दांत पूर्वपद नेहमीच ओढणाऱ्याचे नाव सांगते असे नाही. मालगाडी माल ओढत नाही, तो तिच्यात भरलेला असतो. आगगाडीत आग हे चालवण्याचे साधन आहे, हातगाडीत हात हे ढकलण्याचे साधन आहे, आणि मोटारगाडीत तर दोन्ही पदे जवळजवळ एकच गोष्ट दोनदा सांगतात. म्हणजे मराठीने या सामासिक शब्दांत पूर्वपदाला एकच काम ठरवून दिलेले नाही. ते प्रत्येक वेळी व्यवहारावरून समजून घ्यावे लागते.

बाबागाडीचा विग्रह 'बाबासाठी गाडी' असा केला, तर क्रीडांगण किंवा गायरान यांच्याप्रमाणे तो चतुर्थी तत्पुरुष होईल. 'बाबाला वाहून नेणारी गाडी' असा केला, तर तो मध्यमपदलोपी ठरेल. दोन्ही विग्रहांत बाबा हा गाडीत बसणाराच आहे. 'बाबाने ढकलायची गाडी' हा विग्रह व्याकरणाने अशक्य नाही, कारण हातगाडी तशीच बनलेली आहे, परंतु मुलाची गाडी ढकलणे हे काम खास वडिलांचेच मानले गेले, असा काळ आपल्याकडे किंवा इतरत्र कधी होता असे मला वाटत नाही. नाव पडले तेव्हा ती ढकलत असणार आया किंवा दाई.

केशर :

बाबा म्हणजे लहान मुलगा, याचा एक जिवंत पुरावा तयार कपड्यांच्या व्यापारात आहे. लहान मुलग्यांच्या सदरा आणि चड्डीच्या जोडीला विक्रेते आजही 'बाबासूट' म्हणतात. तो सूट वडिलांसाठी आहे असा गैरसमज करून घेऊन कोणी तो स्वतःच्या मापाचा मागत नाही. घरकामाला येणाऱ्या स्त्रियांच्या बोलण्यात मालकांच्या मुलाला बाबा आणि मुलीला बेबी म्हणण्याची पद्धत होती आणि काही घरांत अजून आहे. 'बाबा झोपला का, बेबीला शाळेतून आणायचे आहे का', असे प्रश्न माझ्या कानावर कायम पडलेले आहेत.

अनुस्वार, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर : आमच्या घरात बाबागाडी म्हणजे छत असलेली, वेताने विणलेल्या टोपलीची, मोठ्या चाकांची गाडी. चालायला शिकण्याच्या गाड्याला आम्ही पांगुळगाडाच म्हणत असू आणि दोन्ही नावांची गल्लत केलेली आजीला चालत नसे.

जुने_बाड :

केशर यांनी दिलेला 'बाबा आणि बेबी' हा जोडशब्दच मला उत्तराकडे नेतो. हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल यांचा 'हॉब्सन-जॉब्सन' हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश १८८६ साली प्रसिद्ध झाला. त्यात 'बाबा' या शब्दाची स्वतंत्र नोंद आहे. हिंदुस्थानातील इंग्रज कुटुंबांत नोकरचाकर आणि घरचे लोकही मुलांना बाबा म्हणतात, अनेकवचनी 'बाबा लोग' असे म्हणतात, येथील लोक आपसात मात्र हा शब्द सहसा अशा रीतीने वापरत नाहीत, आणि या वापरावर इंग्रजी 'बेबी' या शब्दाचा परिणाम झालेला असावा, असा त्या नोंदीचा आशय आहे. मूळ शब्द तुर्की असून त्याचा अर्थ वडील असा आहे, हेही कोशकारांनी तेथेच नोंदवले आहे.

आता वस्तूचा विचार करा. ढकलायच्या दांड्याची मुलांची गाडी ही आपल्या घरांतून निपजलेली वस्तू नाही. आपल्याकडे मूल कडेवर, खांद्यावर, पाठुंगळी किंवा झोळीत असे. ही गाडी साहेबाबरोबर आली आणि ती पहिल्यांदा ढकलली साहेबाकडच्या आयांनी. ज्या आया त्या मुलाला 'बाबा' म्हणत होत्या, त्यांनीच त्याच्या गाडीला बाबागाडी म्हटले असणार. गुजरातीतही हाच शब्द आहे आणि हिंदीतही तो ऐकू येतो, याचा अर्थ तो एका भाषेच्या पोटात तयार झालेला नसून, अनेक भाषा बोलणाऱ्या नोकरवर्गाच्या सामाईक बोलीतून आलेला आहे.

अनुस्वार :

जुने_बाड, नोंदीबद्दल आभार. पण मग 'बेबीगाडी' असाच शब्द का रुळला नाही? बेबी हा शब्दही त्याच बंगल्यांत होता.

वाटसरू :

जुने_बाड यांनी मांडलेली वस्तूची वाट मला पटते, शब्दाची वाट तितकी पटत नाही. मुलाला वडिलांच्या नावाने हाक मारणे ही साहेबाने शिकवलेली गोष्ट नव्हे. संस्कृतातला 'तात' हा शब्द पाहा. तो वडिलांसाठी आहे आणि तोच मुलाला, शिष्याला किंवा धाकट्याला मायेने हाक मारण्यासाठीही आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात (६.४०) 'न हि कल्याणकृत्कश्चिद्दुर्गतिं तात गच्छति' असे श्रीकृष्ण अर्जुनाला म्हणतात, तेव्हा ते अर्जुनाला वडील मानून बोलत नाहीत. बंगालीत आजही आईवडील मुलाला 'बाबा' आणि मुलीला 'मा' म्हणतात. हे केवळ भारतापुरतेही नाही. अरबी बोलणाऱ्या अनेक समाजांत वडील स्वतःच्या मुलाला 'बाबा' म्हणून हाक मारतात आणि आई मुलाला 'मामा' म्हणते. म्हणजे नात्याचा जो शब्द मुलाने आपल्यासाठी वापरायचा, तोच मोठे माणूस मुलाकडे परत पाठवते.

मराठीत तर याची साक्ष पावलोपावली मिळते. 'बाबापुता करणे' हा वाक्प्रचार घ्या. एखाद्याची मनधरणी करताना त्याला एकाच दमात बाबाही म्हणायचे आणि पुताही म्हणायचे, हे ज्या भाषेत शक्य आहे, तिला बाळाला बाबा म्हणण्यासाठी इंग्रजी बेबीची मदत लागली असेल हे मानणे अवघड जाते. बबन, बब्या, बबड्या, बबी ही लाडाची नावेही याच कुळातली वाटतात.

अनुस्वार यांचा प्रश्न नेमका येथेच महत्त्वाचा ठरतो. बेबीगाडी हा शब्द रुळला नाही, कारण बाबा हा शब्द आधीपासूनच घरात होता.

जुने_बाड :

वाटसरू, तुमची उदाहरणे उत्तम आहेत, पण ती सगळी संबोधनाची आहेत. हाक मारण्याचा शब्द आणि वस्तू ओळखण्याचे नाम यांत फरक असतो. मी मुलाला 'राजा' म्हणतो, म्हणून त्याच्या पाळण्याला राजपाळणा म्हणत नाही. आपण मुलीला 'आई गं, ऐक ना' किंवा 'बाय माझी' असे लाडाने म्हणतो, परंतु तिच्या झबल्याला कोणी आईझबले म्हटलेले ऐकिवात नाही. समासाचे पूर्वपद होण्यासाठी तो शब्द हाकेतून बाहेर पडून 'लहान मूल' या सामान्य अर्थाचे नाम व्हावा लागतो. मराठीत 'रस्त्यात एक बाबा रडत होता' असे वाक्य ऐकल्यावर कोणाच्याही डोळ्यांसमोर साधू किंवा म्हातारा येईल, मूल येणार नाही. तसे सामान्यनाम 'बाबा लोग' या प्रयोगात झालेले होते. म्हणून माझा आग्रह असा, की माया आपली असली तरी नाम बंगल्यातले आहे.

पदच्छेद :

जुने_बाड यांचा संबोधन आणि नाम यांतला भेद अगदी योग्य ठिकाणी आला आहे. वाटसरू यांनी याला उत्तर द्यावे अशी माझी इच्छा आहे.

मोकळा_वेळ :

गाडीतले मूल रडू लागले, की ढकलणारा 'नको रे बाबा' म्हणतो, एवढा पुरावा मला पुरेसा आहे. यात कोण कोणाला बाबा म्हणतो, हे तज्ज्ञांनी ठरवावे.

केशर :

जुने_बाड यांना एक पुरवणी. त्याच बंगल्यांत मुलीला 'मिसी बाबा' म्हणत असत. म्हणजे तिथला 'बाबा' मुलगा की मुलगी हे पाहत नव्हता, आणि मुलगी असल्याचे सांगण्यासाठी पुढे 'मिसी' जोडावे लागे. हे लक्षात घेतले, तर मुलगी बसली तरी गाडी बाबागाडीच का राहते, या शंकेचेही समाधान होते. ही शंका माझ्या मुलीने लहानपणी फार चिकाटीने विचारलेली होती.

दुसरी गोष्ट मराठी घरांतली. आपल्याकडे पाळण्यातल्या मुलालाही आबा, नाना, दादा, अण्णा, भाऊ, तात्या, बाबा अशी वडीलधारी नावे मिळत आली आहेत आणि ती जन्मभर टिकत आली आहेत. गणेश दामोदर सावरकरांना बाबाराव आणि त्यांचे धाकटे बंधू विनायकरावांना तात्याराव म्हणत, हे सर्वांना ठाऊक आहेच. ज्या घरात दुपट्यातल्या मुलाचे नाव बाबा असू शकते, त्या घराला 'बाबाची गाडी' या शब्दात विसंगती दिसण्याचे कारण नाही. ही केवळ हाक नव्हे, हे नाव आहे.

रेखांश :

शब्दाच्या वादात वस्तूचा इतिहास जुने_बाड यांनी एका वाक्यात उरकला, म्हणून तो थोडा सविस्तर लिहितो, कारण शब्दाचे वय ठरवायला तो उपयोगी पडतो.

मुलांसाठी मुद्दाम बनवलेल्या गाडीचे सर्वांत प्रसिद्ध जुने उदाहरण इंग्लंडमधले आहे. वास्तुकार आणि उद्यानरचनाकार विल्यम केंट याने १७३३ च्या सुमारास डेव्हनशरच्या तिसऱ्या ड्यूकच्या मुलांसाठी शिंपल्याच्या आकाराची एक गाडी बनवली. ती बकरी किंवा लहानसे तट्टू जोडून ओढायची होती. म्हणजे दोनचाकी यांच्या नियमाप्रमाणे तिला बकरीगाडीच म्हणावे लागेल. मागून दांडा धरून ढकलण्याची गाडी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर प्रचारात आली. चार्ल्स बर्टन याने १८५३ मध्ये इंग्लंडमध्ये अशा गाडीचे पेटंट घेतले. ओढण्याऐवजी ढकलल्यामुळे मूल सतत नजरेसमोर राहते, हा त्यातला मोठा फायदा होता. पुढे १८८९ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोरच्या विल्यम रिचर्डसन या कृष्णवर्णीय संशोधकाने मुलाची टोपली उलटसुलट फिरवता येईल अशा गाडीचे पेटंट घेतले, त्यामुळे मुलाने ढकलणाऱ्याकडे पाहायचे की रस्त्याकडे, हे ठरवता येऊ लागले. आज जी छत्रीसारखी मिटणारी हलकी गाडी दिसते, ती ओवेन मॅक्लारेन या विमान अभियंत्याची कल्पना. स्पिटफायर विमानाच्या उतरण्याच्या चाकांच्या रचनेवर काम केलेल्या या गृहस्थाने १९६५ मध्ये पेटंटसाठी अर्ज केलेली अ‍ॅल्युमिनियमची गाडी सुमारे पावणेतीन किलो वजनाची होती.

यावरून एवढे निश्चित म्हणता येते, की आपला बाबागाडी हा सामासिक शब्द एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या फार मागे जाऊ शकत नाही. 'बाबा' आणि 'गाडी' ही पदे कितीही जुनी असोत, त्यांची गाठ पडायला ती वस्तू दारात यावी लागते.

इंग्रजी नावाची गंमत तर आणखी निराळी आहे. प्रॅम हे पेरॅम्ब्युलेटरचे लघुरूप. लॅटिन मुळानुसार त्याचा अर्थ 'फिरणारा, हिंडणारा', आणि आधी तो माणसासाठीच वापरला जात होता. पुढे तेच नाव सर्वेक्षकांच्या एका यंत्राला मिळाले : दांड्याला लावलेले मोठे चाक जमिनीवरून चालवत न्यायचे आणि त्याच्या फेऱ्यांवरून अंतर मोजायचे. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात आपल्या देशातले कितीतरी रस्ते या चाकाने मोजले गेले. म्हणजे पेरॅम्ब्युलेटर हिंदुस्थानात बाळांच्या आधी नकाशांसाठी आला. तोपर्यंत त्यात बसायला जागा नव्हती.

मोकळा_वेळ :

रेखांश यांचे सदस्यनाम आज सार्थकी लागले.

दूरदेशी :

गाडीला नाव देताना कोणाकडे पाहिले जाते, हे भाषागणिक बदलते असे रेखांश यांचे लिखाण वाचताना जाणवले. इंग्रजीने हिंडणाऱ्याकडे पाहिले. फ्रेंचमधला पूसेत हा शब्द ढकलणे या क्रियेवरून आलेला आहे. इटालियनमधला पासेज्जीनो फेरफटक्यावरून आलेला आहे. जपानीतला जुना शब्द उबागुरुमा, म्हणजे दाईची गाडी; तिथे नाव ढकलणारीला मिळाले. जर्मन किंडरवागन आणि आपली बाबागाडी यांनी मात्र बसणाऱ्याची बाजू घेतली.

यात सर्वांत चकित करणारा शब्द हंगेरियन आहे. त्या भाषेत बाळाच्या गाडीला 'बाबाकोची' म्हणतात, कारण हंगेरियनमध्ये 'बाबा' या शब्दाचा अर्थच मुळी बाळ किंवा बाहुली असा आहे. 'कोची' म्हणजे गाडी, आणि हा शब्द हंगेरीतल्या कोच नावाच्या गावावरून पडला. तिथे बनणाऱ्या गाड्या युरोपभर प्रसिद्ध झाल्या आणि त्यावरून इंग्रजीत कोच हा शब्द तयार झाला. तोच पुढे आपल्याकडे कोचमन या शब्दात आणि रेल्वेच्या डब्यात येऊन बसला.

दोनचाकी :

म्हणजे आपण सगळे मूळचे हंगेरीचे, असा लेख आता कोणीतरी लिहीलच. तो वाचण्याआधीच मी त्याचा निषेध नोंदवून ठेवतो.

वाटसरू :

दोनचाकी यांचा निषेध योग्यच आहे. बाबाकोची आणि बाबागाडी यांत नाते नाही, योगायोग आहे. ओठ मिटून उघडले की निघणारे ब, प, म हे ध्वनी बाळाला लवकर जमतात, आणि ते ज्या कोणाकडे पाहून उच्चारले गेले त्याच्या नावावर मोठी माणसे ते चढवतात. भाषाशास्त्रज्ञ रोमान याकबसन यांनी मामा आणि पापा या शब्दांविषयी हेच सविस्तर मांडले आहे. म्हणून तुर्कीत बाबा म्हणजे वडील, रशियन आणि बल्गेरियन यांसारख्या स्लाव्ह भाषांत बाबा म्हणजे आजी किंवा म्हातारी, आणि हंगेरियनमध्ये बाबा म्हणजे खुद्द बाळ. अशा शब्दांची जगभर जुळवाजुळव करणे मनोरंजक असते, त्यावर वंशावळ उभारणे मात्र टाळावे.

आता जुने_बाड यांच्या आक्षेपाबद्दल. संबोधन आणि नाम यांत फरक आहे हे मी मानतो. तरी केशर यांनी म्हटल्याप्रमाणे मराठी घरात बाबा हे हाकेच्या पलीकडे जाऊन विशेषनाम झालेले होते, आणि विशेषनामापासून सामान्यनामाकडे जाण्याची वाट फार लांब नसते. बंगल्यातल्या 'बाबा लोग' या प्रयोगाने त्या वाटेवर धक्का दिला असेल. वाट मात्र बंगल्याने बांधलेली नाही.

जुने_बाड :

'धक्का दिला' एवढे तुम्ही मान्य केलेत, तर गाडीच्या बाबतीत धक्क्यालाच सर्वांत अधिक महत्त्व असते असे मी म्हणेन.

बालरोगी :

मी लहान मुलांवर उपचार करणारा डॉक्टर आहे. (सदस्यनाम घेताना विनोद सुचला होता, तो आता बदलता येत नाही.) धाग्याच्या मूळ लेखनातला अर्थविस्ताराचा प्रश्न माझ्यासाठी रोजच्या कामाचा आहे. 'बाळाला बाबागाडी घेऊ का' असे पालक विचारतात, तेव्हा मला आधी विचारावे लागते, की तुम्हाला नेमकी कोणती गाडी अभिप्रेत आहे. त्यातून तीन वेगळ्या वस्तू निघतात.

पहिली, मूल आत असते आणि मोठे माणूस ढकलते ती गाडी. हिच्यातही सपाट निजवायची आणि टेकून बसवायची असे प्रकार आहेत. ज्या बाळाची मान अजून धरलेली नाही, त्याला बसवायच्या गाडीत घालू नये, एवढे सांगितले की काम भागते. दुसरी, जुना लाकडी पांगुळगाडा. यात मूल आत बसत नाही, मागे उभे राहून त्याचा दांडा धरते आणि स्वतः ढकलत पावले टाकते. तिसरी, गोल चौकटीच्या मधोमध कापडी आसन असलेला वॉकर, ज्यात मुलाचे पाय जेमतेम जमिनीला टेकतात. या तिसऱ्या वस्तूला अनेकजण बाबागाडीही म्हणतात आणि पांगुळगाडाही म्हणतात, आणि धोका तिच्यातच आहे. मूल त्यात बसून स्वतःच्या समजेपेक्षा अधिक वेगाने जाते, जिन्यावरून कोसळते, किंवा ज्या गरम वस्तूंपर्यंत त्याचा हात पोहोचायला नको तिथे पोहोचते. मूल लवकर चालू लागते हा समजही खरा नाही. कॅनडाने २००४ मध्ये अशा वॉकरची विक्री, आयात आणि जाहिरात यांवर बंदी घातली, ती याच कारणासाठी.

केशर यांच्या आजी दोन नावांची गल्लत चालू देत नसत, हे वाचून मला त्यांच्याविषयी फार आदर वाटला.

केशर :

डॉक्टरसाहेब, आजीचा आक्षेप वैद्यकीय नव्हता. तिच्या मते बाबागाडी ही मिरवण्याची वस्तू होती आणि पांगुळगाडा ही शिकण्याची. तरीही तुमचा आदर मी तिच्या खाती जमा करून घेते.

पदच्छेद :

बालरोगी यांनी केलेल्या विभागणीत एक भाषिक प्रश्न दडलेला आहे. मराठीत गाडा, गाडी आणि गाडे या तीन रूपांत सहसा आकाराचा आणि रांगडेपणाचा फरक असतो. पुल्लिंगी गाडा मोठा किंवा ओबडधोबड, स्त्रीलिंगी गाडी लहान किंवा नीटस, आणि नपुंसकलिंगी गाडे म्हटले की पुष्कळदा ते अडलेले किंवा कुरकुरणारे असते. मग गुडघ्याएवढ्या उंचीच्या पांगुळगाड्याला गाडा का म्हटले असावे? माझ्या मते येथे आकार नव्हे, तर घडण महत्त्वाची ठरली. सुताराने लाकडाच्या तीन चाकांवर ठोकून दिलेली वस्तू गाडा झाली. छत, गादी, स्प्रिंगा आणि रबरी धावा असलेली वस्तू गाडी झाली. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशातही पांगुळगाडा हा शब्द आहे. त्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ सालची, हे रेखांश यांनी दिलेल्या कालक्रमाशेजारी ठेवून पाहावे.

'पांगुळ' हे पूर्वपदही लक्षात घेण्यासारखे आहे. अजून पाय न फुटलेल्या मुलाला पांगळे म्हणण्यात पूर्वीच्या लोकांना काही वावगे वाटले नाही. आज हा शब्द नव्याने घडवायचा असता, तर कोणी तो सुचवला नसता.

शाकटायन :

मुलांची आणि गाडीची गाठ आपल्या साहित्यात फार जुनी आहे, हे कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. भागवतातल्या कथेत बाळकृष्णाला ज्या गाड्याखाली निजवलेले असते, तो गाडा तो पायाच्या ठोकरीने उलथवतो. शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' या नाटकाच्या नावातच मातीची लहान गाडी आहे : चारुदत्ताच्या मुलाला सोन्याची खेळगाडी हवी असते आणि वसंतसेना त्याच्या मातीच्या गाडीत आपले दागिने भरते. शकट या शब्दापासून शकटिका, म्हणजे छोटी गाडी. पदच्छेद यांनी सांगितलेली गाडा आणि गाडी ही जोडी तिथेही दिसते.

रेखांश :

शाकटायन, उदाहरणे सुंदर आहेत, पण पहिल्यात मूल गाड्याखाली आहे आणि दुसऱ्यात गाडी मुलाच्या हातात आहे. मूल गाडीत बसलेले असल्याचे उदाहरण मिळाले, तरच ते बाबागाडीच्या पूर्वजांत धरता येईल.

शाकटायन :

आक्षेप मान्य. कृष्णाच्या बाबतीत तर गाडीचा उपयोग मुलाला फिरवण्यासाठी झाला नसून, मुलानेच गाडीला फिरवले आहे.

वाटसरू :

अनुस्वार यांच्या मूळ प्रश्नाकडे परत येतो, कारण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे आणि ती अजून कोणी तपासलेली नाही. 'मराठीत बाबा म्हणजे वडील' हे समीकरण आज पक्के वाटते, परंतु ते फार जुने नाही. आमच्या आजोबांच्या पिढीत वडिलांना घरोघर वेगवेगळ्या हाका होत्या. कोणी अण्णा म्हणे, कोणी नाना, कोणी दादा, भाऊ, अप्पा, तात्या, काका. एकत्र कुटुंबात इतर मोठी माणसे ज्या नावाने हाक मारत, तेच नाव मुले उचलत. 'बाबा' ही त्यांतली एक हाक होती, एकमेव नव्हती. लहान कुटुंबे वाढत गेली आणि आई-बाबा ही जोडी ठरून गेली, तसा हा शब्द वडिलांसाठी राखीव झाला. त्याचबरोबर मुलाला लाडाने बाबा म्हणण्याची रीत मागे पडली.

म्हणून बाबागाडी हा शब्द जेव्हा घडला, तेव्हा तो कोडे नव्हता. गाडीच्या नावातला बाबा होता तिथेच राहिला आणि बाहेरचा बाबा सरकत सरकत वडिलांकडे गेला. आजच्या मुलांना किंवा मराठी शिकणाऱ्यांना जी विसंगती दिसते, ती या सरकण्याची खूण आहे.

जुने_बाड :

हे मात्र मला पूर्णपणे पटले, आणि याने माझ्या 'बाबा लोग' सिद्धान्तालाही बाध येत नाही. बाबासूट हा शब्दही याच कारणाने टिकून राहिला असावा, कारण व्यापारातले शब्द घरातल्या हाकांबरोबर बदलत नाहीत.

पदच्छेद :

समासात गोठलेले अर्थ असेच टिकतात. वाटसरू यांच्या विवेचनात मी एवढीच भर घालीन, की लोक आता त्या गोठलेल्या पदाला नवा अर्थ देऊ लागले आहेत. दोनचाकी यांचा पहिलाच प्रतिसाद विनोदाने लिहिलेला होता, पण बाबाने ढकलायची ती बाबागाडी, असे स्पष्टीकरण मी गंभीरपणे दिलेलेही ऐकले आहे. वडील खरोखरच गाडी ढकलताना सर्रास दिसू लागले आहेत, त्यामुळे ही लोकव्युत्पत्ती पुढच्या पिढीत अधिकच पटण्यासारखी होईल.

दोनचाकी :

म्हणजे माझा सिद्धान्त चुकीचा नसून केवळ वेळेच्या आधी मांडला गेला होता.

अनुस्वार :

एवढी चर्चा होईल असे वाटले नव्हते, सर्वांचे आभार. सहकाऱ्याला मी वाटसरू आणि जुने_बाड या दोघांची मते सांगेन आणि निवड त्याच्यावर सोपवेन. बालरोगी यांनी दाखवलेली तीन वस्तूंची गल्लत माझ्या डोक्यात राहिली आहे. ढकलायच्या गाडीला बाबागाडी, उभे राहून चालण्याच्या गाड्याला पांगुळगाडा आणि आसनाच्या चौकटीला वॉकर, असे तीन शब्द काटेकोरपणे वापरावेत असे मला वाटते. तीनचाकी सायकलीला बाबागाडी म्हणण्याचा प्रकार मात्र मला खटकत नाही, कारण तिच्यावर बसणाराही एकेकाळी बाबाच होता.

दूरदेशी :

सायकलीपर्यंत अर्थ ताणणे अगदीच अनोखे नाही. रशियनमध्ये बाळाच्या गाडीला कल्यास्का म्हणतात, आणि तोच शब्द चाकांच्या खुर्चीला आणि मोटारसायकलीला जोडलेल्या बाजूच्या डब्यालाही वापरतात. आपला शब्द त्या मानाने बराच संयमी राहिला आहे. जुळ्या मुलांच्या दोन आसनी गाडीला मराठीत वेगळे नाव कोणी ऐकले आहे का?

केशर :

वेगळे नाव ऐकलेले नाही. आमच्या नात्यात जुळी मुले आहेत आणि त्यांच्या घरी 'मोठी बाबागाडी' एवढेच म्हणतात. दारातून ती आत नेताना जे शब्द वापरले जातात, ते येथे लिहिण्यासारखे नाहीत.